गराशाचं मीठ

मिरीग लागला होता, पण आभाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि तांड्यातली कुत्री सकाळपासून भुंकली नव्हती. सदाशिवरावांची बैलांची दमणी मोहाच्या झाडाखाली थांबली, परका माणूस खाली उतरला, तरी एकाही कुत्र्यानं मान उचलली नाही. सगळी उगवतीच्या वाटेकडं तोंडं करून पडली होती. हंसाबाईनं ते दारातून पाहिलं आणि ओढणी पुढं ओढून घेतली.

तांड्याच्या तोंडाशी तीन वाटा फुटतात. एक वर यवतमाळला जाते. एक मावळतीला, दारव्ह्याकडं. तिसरी उगवतीची. ती सागाच्या रानात शिरते, पांढरकवड्याला निघते आणि पुढं नागपूरच्या सडकेला मिळते. जुन्या लदेणीची वाट ती. बैलांच्या पाठीवर मीठ लादून ह्या घरातली माणसं त्याच वाटेनं गेली आणि धान लादून त्याच वाटेनं आली. आता तिच्यावर गवत होतं. किसनसिंग गेल्यापासून तांड्याच्या नायकाच्या, हंसाबाईच्या सासऱ्याच्या, घरची गाडी तिकडं वळली नव्हती.

किसनसिंग हंसाबाईचा नवरा. तो गेला तेव्हा त्यांचा पोरगा खेमसिंग दुधाचे दात पाडत होता. कापसाची गाडी भरून किसनसिंग हिंगणघाटला निघाला, आणि गराशा वाटेत आडवा बसला. गराशा म्हणजे लदेणीच्या पुढं चालणारा बैल. त्याच्या पाठीवर कधी ओझं टाकत नाहीत, त्याला कोणी हाकत नाही. गळ्यात घागरमाळ, शिंगांना लाल कापड, आणि तो जिथं बसेल तिथं तांड्याचा मुक्काम. लदेणी संपली, माणसं शेतात गुंतली, तरी नायकाच्या दारी एक गराशा असायचाच. तो त्या सकाळी वाटेत बसला. किसनसिंग हसला, म्हणाला, म्हातारा झाला बिचारा, आणि त्यानं गाडी शेताच्या धुऱ्यावरून काढून पलीकडं नेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बैलजोडी परत आली. एकटी. जू सरळ होतं, दोर किसनसिंगानं बांधले होते तसेच होते, गाडीत कापसाची एक पाकळी नव्हती. माणूस नव्हता. पोलीस येऊन गेले, रान धुंडाळून झालं. गराशा मात्र बसल्या जागेवरून उठला नाही. हंसाबाई त्याला ओंजळीत मीठ धरून चाटवायची. एक दिवस त्यानं चाटलं आणि मान टाकली. त्याला तिथंच, मोहाखाली पुरला. माळ फांदीला टांगली. ती अजून तिथंच आहे, काळी पडलेली.

सदाशिवराव घाटंजीचे मोठे कास्तकार. किसनसिंगाशी स्नेह होता, तो त्यांनी त्याच्या पोरापर्यंत पाळला. मॅट्रिकला गणितात जिल्ह्यात नाव काढलं म्हणून खेमसिंगाची पाठ थोपटायला ते आले होते, आणि त्याच्या डोक्यात जे भरलं होतं त्याचं मूळही तेच होते. त्यांचा भाचा अमदाबादेत कापडाच्या गिरणीत होता. त्यानं सांगितलं होतं, की तिथं एक नवीन शाळा निघते आहे. पोरांची नाही, पदवी घेतलेल्यांची. मोठमोठे कारखाने, गिरण्या, व्यापार कसा चालवायचा ते तिथं शिकवणार. देशभरातून मोजकेच घेणार.

"म्हणजे नायकाची शाळा म्हणा," बाजेवर बसलेला फुलचंद नायक म्हणाला. त्याचे डोळे पिकून गेले होते. माणूस आवाजावरून ओळखायचा.

"तसंच म्हणा," सदाशिवराव हसले. "पण पहिले कॉलेज करा लागते. आता कोणतं करावं, तो सवाल हाये."

सवाल तोच होता, आणि त्यासाठी दारव्ह्याहून अमरसिंगही बायकोला घेऊन आला होता. अमरसिंग किसनसिंगाचा थोरला भाऊ. दारव्ह्यात अडत्याकडं कापसाची पारख करायचा, पांढरं धोतर नेसायचा आणि बोलताना अडत्यासारखा एक डोळा बारीक करायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. शाळा व्यापाराची, तर कॉलेजही व्यापाराचं. अमरावतीला कॉमर्स करावं. दारव्ह्याहून आगगाडी आहे. सुट्टीत पोरगा आपल्याजवळ अडतीत बसेल, कापूस हातात घेऊन ओळखायला शिकेल.

सदाशिवरावांनी मान डोलावली. दोन कर्ते पुरुष एका बाजूला झाले, तेव्हा गोष्ट ठरल्यासारखीच झाली. दाराआड रुक्माबाईनं, अमरसिंगाच्या बायकोनं, हंसाबाईच्या मांडीला हळूच चिमटा घेतला.

"बोल ना."

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, हंसाबाई बोलत नसे, आणि सासऱ्याशी तर लग्नापासून एक शब्द नाही. तिनं रुक्माबाईच्या कानात सांगितलं आणि रुक्माबाईनं ते बाहेर सांगितलं. यवतमाळला कॉलेज आहे. शनिवारी पोरगं घरी येईल. डोळ्यांसमोर राहील. आईचं म्हणणं इतकंच.

"आईचं म्हणणं का तुझं?" अमरसिंगानं विचारलं.

"माहं म्हणणं तुम्ही कधी ऐकलं, त आज ऐकान?" रुक्माबाई म्हणाली, आणि सदाशिवरावांनी तोंडावर उपरणं धरून हसू दाबलं.

खेमसिंग खांबाला टेकून उभा होता. बापासारखाच उंच, बापासारखाच उजव्या पायावर भार टाकून. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मले नागपूरले जायाचं हाये. गणित घेऊन."

अमरसिंगाचा बारीक डोळा आणखी बारीक झाला. व्यापाराच्या शाळेत जायचं आणि गणित कायले, हे त्यानं चार तऱ्हांनी विचारलं. नायक मात्र इतका वेळ हवेत काही हुंगत असल्यासारखा बसला होता, तो अचानक सदाशिवरावांकडं वळला.

"रावसाहेब, त्या अमदाबादेत खपते काय?"

"म्हणजे?"

"बाजार हाये ना तो? मंग तिथं लोक काय भरून नेतात? कायले उठाव हाये?"

सदाशिवरावांनी अमरसिंगाकडं पाहिलं. मग त्यांनी खरं ते सांगितलं. भाचा म्हणतो, पदवी कोणतीही चालेल. पण परीक्षेत आकडे आणि तर्क. इंजिनेर येतील, गणितवाले येतील. कॉमर्सचेही येतीलच, पुष्कळ येतील. यवतमाळहूनही जाता येईल, कोण नाही म्हणतं, पण ह्याला जे गणित शिकायचं आहे त्याचे मास्तर नागपुरात आहेत.

"आबाजी," खेमसिंग म्हणाला, "तुमच्या लदेणीनं कधी कोकणात मीठ नेलं का?"

म्हातारा हसला. दात नसलेलं, लहान लेकरासारखं हसू. "कोकणातून त आणत होतो, बेट्या."

"मंग व्यापार ते तिथं देणारच हायेत. जे तिथं भेटते ते मी इथून कायले लादून नेऊ?"

हंसाबाईला वाटलं, हे बोलणं पोराचं नाही. शब्द त्याचे, पण ते कुठून तरी लांबून, पायी चालत आल्यासारखे आले होते. सदाशिवरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि कबूल केलं, की पोरगा बरोबर म्हणतो. अमरसिंग एकटा पडला.

"अमदाबाद मावळतीले, अन् जाता उगवतीले," तो कुरकुरला.

"लदेणी सरळ कधी गेली?" नायक म्हणाला. "चारा-पाणी जिकडं, मुक्काम तिकडं. मुक्कामात जे भरलं ते पुढच्या बाजारात उतरलं." मग त्याचं हसू मावळलं. "पण वाट तेच हाये. किसनची."

मोहाच्या झाडाखाली सावली आकसत चालली होती. कुत्री अजून तशीच पडली होती.

"गराशाले विचारा," नायक म्हणाला.

गराशा मेला म्हणून त्याला विचारणं संपत नाही. घरातला जीव लांबच्या वाटेला लागायचा असेल, तर भर दुपारी, सावली पायाखाली आली की, ज्यानं गराशाला शेवटचं मीठ चारलं त्यानं तीन वाटांच्या तोंडाशी ओंजळीत मीठ घेऊन उभं राहायचं. डोळे झाकून. ज्या वाटेवर घागरमाळ वाजेल ती वाट धरायची. वाजत राहिली तर तो चालतो आहे. दणकन वाजून थांबली तर तो बसला, मग कोणी तांडा सोडायचा नाही. बाकीच्यांना ऐकू येत नाही. सांगणारी जे सांगेल ते घराला बांधील.

शेवटचं मीठ हंसाबाईनं चारलं होतं. सगळ्यांची तोंडं दाराकडं वळली.

आत येऊन रुक्माबाईनं चुलीपुढं पाट ठेवला आणि हंसाबाईला बसवलं. मग ती मागं उभी राहिली आणि तिच्या केसांना हात न लावता नुसती थांबली. दोघींना ठाऊक होतं. ऐकणाऱ्या बाईच्या अंगावर आवाज करणारं काही राहू द्यायचं नसतं. पायातलं निघालं, हातातलं निघालं. कानांजवळ लोंबणारी घुगरी राहिली होती. लग्न झालेल्या बाईच्या केसांतली चांदीची घुगरी. किसनसिंगाचं प्रेत कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून ती कोणी उतरवली नव्हती. मान हलली की ती बारीक वाजायची, आणि रात्रंदिवस त्या आवाजाखाली हंसाबाई जगत आली होती.

"मी काढू का तू काढतं?" रुक्माबाईनं विचारलं.

"तुम्ही काढा, बाई."

रुक्माबाईनं घुगरीची गाठ सोडायला घेतली. ती काढता काढता बोलत राहिली, गप्प राहणं तिला जमलं नाही. पोट्टं अमरावतीला असतं तर सुट्टीत आपल्या हातचं खाल्लं असतं. आपल्या घरात आईला याडी म्हणून हाक मारणारं कोणी नाही. घर इतकं स्वच्छ राहतं की भीती वाटते. "पण तू यवतमाळच सांगजो," ती शेवटी म्हणाली. "मले ठावं हाये तू तेच सांगशील. सांग. घरच्याले मी पाहून घेईन."

घुगरी पाटाजवळ ठेवली तेव्हा ती एकदा वाजली आणि थांबली. त्यानंतर जी शांतता आली ती हंसाबाईला ओळखीची वाटली नाही. कानांत कोणी रुई कोंबल्यासारखी.

भिंतीपलीकडं अमरसिंग रांजणातून पाणी घेत होता. भावजयीशी बोलता येत नाही, म्हणून तो रांजणाशीच बोलला, मोठ्यानं. "कॉमर्स काय अन् गणित काय, मले त्याचं काही नाही. त्या वाटेनं माहा एक भाऊ गेला. दुसरा जीव त्या वाटेले देववत नाही. कोणी ऐकत असन त ऐको." पाण्याचा लोटा रांजणात बुडबुडला, आणि पावलं निघून गेली.

इतकी वर्षं हंसाबाई त्याला कापसातला काटा समजत आली होती.

खेमसिंग आला तेव्हा ती हातात खडेमीठ घेऊन बसली होती. त्यानं पाटाजवळची घुगरी पाहिली आणि नजर दुसरीकडं नेली.

"याडी, मी पांढरकवड्याहून एसटीनं जाईन."

"पांढरकवड्यापर्यंत वाट तेच ना?"

"तेच."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. लहान असताना ह्याच जागी तो तिच्या मांडीवर झोपायचा आणि ती म्हणायची:

पुढं चाले गराशा, मागं चाले अवघा गाव,
मधी कोण चालते बाई, पुसू नये त्याचं नाव.

"काहून पुसू नये?" तो विचारायचा, आणि झोपी जायचा.

"तुले जे ऐकू येईन तेच सांगजो," तो आता म्हणाला. "मले पाठवाले खोटं बोलू नको. अन् थांबवाले बी नको."

ह्या पोरानं तिच्या मनातलं ओळखलं होतं. यवतमाळ. शब्द तिच्या जिभेवर तयार होता. ऐकू येवो, न येवो, ती तोच सांगणार होती. कोण विचारायला येणार होतं?

दुपारी सगळे मोहाखाली उभे राहिले. वारा पडला होता. पानही हलत नव्हतं, फांदीवरची काळी माळही नाही. तिन्ही वाटांवर ऊन पाण्यासारखं हलत होतं, आणि त्या पाण्यात उगवतीच्या वाटेवरचे साग पायांशिवाय उभे होते. हंसाबाई पुढं गेली. गराशाला पुरलेल्या जागेवर तिनं पाय ठेवला नाही, बाजूनं गेली. ओढणी तोंडावर घेतली, ओंजळ पुढं केली, डोळे मिटले.

नायकानं तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं, नाव घेतलं. मग कोणी श्वासही मोठा घेतला नाही.

पहिल्यांदा तिला स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग तेही ओसरलं. ती यवतमाळकडं कान लावून उभी होती, आणि तिकडून काही यावं म्हणून तिनं मनातल्या मनात माळ वाजवूनही पाहिली. ती वाजली नाही. दारव्ह्याकडून काही नाही. उगवतीकडून काही नाही. तिन्ही वाटा रित्या होत्या, धान उपसून घेतलेल्या कणगीसारख्या. तिला वाटलं होतं भीती आवाजाची वाटेल. भीती ह्या रितेपणाची होती. जगात कोणी पुढं चालत नाही. कोणी चालतच नव्हतं. घरातले सगळे तिच्या पाठीशी उभे होते, आणि तिच्या पुढं कोणीही नव्हतं.

म्हणजे सांगायचं ते तिनंच सांगायचं होतं.

ओंजळीतलं मीठ घामानं भिजू लागलं. यवतमाळ म्हटलं की झालं. शनिवारी तो येईल. भाकर खाईल. खांबाला टेकेल, उजव्या पायावर भार टाकून. आणि दर शनिवारी, जेवताना, त्याची नजर उगवतीकडं जाईल, ह्या कुत्र्यांसारखी. जो माणूस वाटेवर गेला त्याची वाट पाहता येते. घरात बसून जो गेला त्याची कशी पाहायची?

तिच्या मनात पोराचं बोलणं आलं. जे तिथं भेटते ते इथून कायले लादून नेऊ. तिच्यापाशी लादून द्यायला भीतीखेरीज काय होतं? आणि भीती तर त्याला वाटेवर जागोजागी भेटणारच होती.

"उगवतीकडं," हंसाबाई म्हणाली.

"चालून राह्यला का बसला?" मागून नायकानं विचारलं. रीतीतला प्रश्न.

तिनं उत्तर रुक्माबाईच्या तोंडून द्यायला हवं होतं. पण रुक्माबाई लांब होती, आणि उत्तर खोटं होतं. दुसऱ्याच्या तोंडात घालावं असं नव्हतं.

"चालून राह्यला," ती सासऱ्याला म्हणाली.

पाठीमागं अमरसिंगानं एक लांब श्वास सोडला. रुक्माबाईनं तिला येऊन धरलं आणि तिची ओंजळ उघडली. हात ओला होता. मिठाचा खडा एकही नव्हता. खाली धुळीतही नव्हता. "घामानं विरघळलं असन," सदाशिवराव म्हणाले, पण ते म्हणताना दमणीकडं चालू लागले होते, आणि त्यांनी पाणीही मागितलं नाही.

जायच्या सकाळी अमरसिंगानं स्वतःची गाडी जुंपली. पांढरकवड्यापर्यंत मी येतो, म्हणाला, मुद्दाम दारव्ह्याहून आला होता. रुक्माबाईनं ट्रंकेत लाडूंचा डबा ठेवला आणि खेमसिंगाला बजावलं, की अमदाबादेला गेलास तरी नायकच हो, मुनीम नको होऊ. तो हसला. हंसाबाईच्या पाया पडला. गाडी गराशाच्या जागेवरून वळसा घालून उगवतीच्या वाटेला लागली. गवतात दोन चाकोऱ्या उमटल्या. सागांनी आधी बैल गिळले, मग गाडी, मग गाडीत पाठमोरा बसलेला पोरगा.

माणसं घरोघर गेली. मोहाखाली बाजेवरचा म्हातारा आणि सून राहिले.

"तुले काही ऐकू नव्हतं आलं," नायक म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

हंसाबाईनं ओढणी सावरली. कानांजवळ काही वाजलं नाही. घुगरी तिनं पुन्हा घातली नव्हती.

"माह्या मायनं मरताना मले सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला. "तिच्या सासूनं तिले सांगितलं होतं. कोणालेच कधी ऐकू आलं नाही. हर बारीले बाईच उभी राह्यली अन् बाईनंच वाट सांगितली. पुरुषाले सांगू नये असं होतं. पण माह्या मायची सून तिच्या आधीच गेली होती, मंग कोणाले सांगते?" त्यानं आंधळी बोटं मांडीवर पालथी ठेवली. "मी आता तुले सांगितलं. तू खेमच्या बायकोले सांगजो."

हंसाबाई ऐकत होती. तिला रागही आला नाही, हलकंही वाटलं नाही. इतक्या बाया ह्या जागी ओंजळ धरून उभ्या राहिल्या, रित्या वाटेकडं कान लावून, आणि प्रत्येकीनं एकटीनं ठरवलं. तिला त्यांच्या ओल्या ओंजळी दिसल्या, एकीमागं एक.

तेव्हा कुत्री उठली. सगळी, एकदम. भुंकली नाहीत. कान उभे करून उगवतीकडं पाहत राहिली.

रानातून आवाज आला. लांबून, पण स्वच्छ. पितळेचा, जाड, जुना. अमरसिंगाच्या बैलांच्या गळ्यात घुंगरू नव्हतं, जुंपताना तिनं स्वतः पाहिलं होतं. तिनं वर पाहिलं. फांदीवरची माळ काळी, स्थिर लोंबत होती.

म्हाताऱ्यानं बाजेची कड घट्ट धरली. त्याचा चेहरा लहान लेकरासारखा झाला होता.

"हंसा," त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. "चालून राह्यला का बसला?"

हंसाबाईनं चेहऱ्यावरची ओढणी मागं टाकली आणि वाटेकडं तोंड केलं. आवाज सागांच्या पलीकडं गेला, उतारावर मंद झाला, मग चढावर पुन्हा आला. त्याच्या मागं गाडीची करकर होती. आणि दोहोंच्या मधी कोणाची तरी पावलं होती. एक हलकं पडत होतं, उजवं जड.

तिनं नाव घेतलं नाही.

"चालून राह्यला," ती म्हणाली.